कोऱ्या बाटलीतलं जस्त

अर्धा थेंब हे काही माणसाचं नाव नव्हे. पण माती तपासायच्या त्या प्रयोगशाळेत जाऊन तुम्ही प्रमुखांचं खरं नाव घेतलंत, तर दारातला माणूस आधी डोकं खाजवेल आणि मग म्हणेल, "म्हणजे आपले अर्धा थेंब होय? आत आहेत, कागद दुमडताहेत." काचेच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडताना रंग बदलायच्या बेतात आला की हे गृहस्थ पुरा थेंब सोडत नसत. नळीच्या टोकाला अर्धाच लोंबत ठेवायचे, काचेच्या कांडीने टिपून घ्यायचे आणि म्हणायचे, "झालं. पुरा सोडला असता तर खोटं बोललो असतो." असल्या माणसाला नाव पडणार नाही तर काय होणार? तोंडावर मात्र सगळे 'सर' म्हणत.

त्या भागातली जमीन चुनखडीची. हातात घेतली तर चांगली काळीभोर दिसते, पण अंगाने अल्कधर्मी. अशा जमिनीत जस्त, म्हणजे ज्याला शेतकरी आणि दुकानदार सगळे झिंकच म्हणतात, ते नसतं असं नाही. असतं, पण चुन्याला चिकटून बसलेलं असतं आणि पिकाच्या मुळाला ते सुटत नाही. कोठी धान्याने भरलेली आणि किल्ली हरवलेली, तशातली गत. मग मक्याच्या पानांवर पांढरे पट्टे उठतात, रोपं खुरटतात आणि शेतकरी कपाळाला हात लावून बसतो. म्हणून जमिनीत झिंक आहे किती, हे विचारण्यात अर्थ नाही. मुळाला मिळेल किती, हे विचारायचं. पूर्वी मातीवर तेजाब ओतायचे. तेजाब चुना विरघळवून टाकायचं आणि माती होतं नव्हतं ते सगळं कबूल करायची. पण मारून मुटकून घेतलेली जबानी ती, तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? अर्धा थेंबांच्या प्रयोगशाळेत वापरायचे ते द्रावण मवाळ होतं. मुळाला जेवढं ओढता येईल, साधारण तेवढंच ते ओढून आणायचं.

काम दिसायला सोपं होतं. बाटलीत मोजून माती घालायची, वर द्रावण ओतायचं, दोन तास शेकरवर हलवायचं, कागदातून गाळायचं आणि ते नितळ पाणी निळ्या ज्योतीच्या मशीनला पाजायचं. मशीन आकडा सांगतं. आणि रोजच्या रांगेत एक बाटली अशी ठेवायची की तिच्यात मातीच नाही. तेच द्रावण, तेच हलवणं, तसलाच कागद. हिला म्हणायचं ब्लँक. ब्लँकमध्ये झिंक निघता कामा नये. निघालं, तर ते मातीतलं नव्हे, तुमच्या गलथानपणातलं.

सगळी कामं हाताखालच्यांना वाटून दिली तरी एक काम अर्धा थेंबांनी कुणाच्या बापाला करू दिलं नव्हतं. गाळायचे गोल कागद ते स्वतः दुमडत. सकाळी आल्या आल्या, टोपी खुंटीला लावली की खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचे. एक घडी, तिच्यावर दुसरी घडी, कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचं, आणि शंकू उघडून ओळीने मांडायचा. तीस वर्षं हा नेम होता. "घडी तिरकी गेली की गाळणं तिरकं, आणि गाळणं तिरकं की सगळंच तिरकं," असं ते म्हणत. त्यांच्या घड्या होत्या मात्र बघण्यासारख्या.

आणि अशा या प्रयोगशाळेत, अशा या माणसाच्या नाकाखाली, ब्लँकमध्ये झिंक यायला लागलं.

थोडंच. पण तिथं थोड्यालाच सगळी किंमत. भुकेल्या मातीत झिंक निघायचं ते चिमूटभर. त्यात हे वरचं चिमूटभर मिसळलं की मशीनला ती माती खाऊनपिऊन सुखी दिसणार. अहवालात 'झिंक पुरेसं आहे' असं जाणार, शेतकरी निवांत बसणार आणि मका पांढरा पडणार. बरं, रोज सारखंच येत असतं तर तेवढं वजा करून मोकळे झाले असते. पण आज इतकं, उद्या तितकं. अर्धा थेंबांनी झिंकचे अहवाल थांबवले. मातीच्या पिशव्या बोळकांडीत साठायला लागल्या आणि लोक फोनवर आधी गोड, मग जरा कमी गोड बोलायला लागले.

त्याच महिन्यात एक मुलगी नव्याने कामावर आली होती. सगळे तिला 'नवी' म्हणत. सहा महिने काम बघायचं, मग प्रमुखांनी 'ठेवा' म्हटलं तर कायम, नाहीतर रामराम, असा करार होता. आधीची बरी नोकरी सोडून ती इथं आली होती, कारण तिला मातीचंच काम करायचं होतं. गावात एक खोली भाड्याने घेतली होती. आई दूर भावाकडे होती आणि तिथं तिचं फारसं बरं चाललेलं नव्हतं. "कायम झाले की आईला आणणार," हे तिने बाटल्या धुणाऱ्या मावशींना सांगितलं होतं, आणि मावशींना सांगितलं म्हणजे सगळ्यांनाच सांगितलं.

तिचं काम नीटनेटकं होतं. अर्धा थेंबांना ते दिसत होतं. पण ती आली आणि झिंक आलं, हेही दिसत होतं.

त्यांनी चोर शोधायला घेतला. आधी पाणी तपासलं, मग द्रावण, मग बाटल्या. रबराची बुचं कधीच हद्दपार झाली होती, कारण रबरात झिंक असतं. तरी कपाटामागे एक सापडलं तेव्हा त्यांनी ते चिमट्यात धरून मेलेल्या उंदरासारखं बाहेर नेलं. शेजारच्या इमारतीवर नवे पत्रे बसत होते. पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो म्हणून त्या बाजूच्या खिडक्या बंद झाल्या आणि सगळे उकाड्याने हैराण झाले. कागद तपासले: डब्यातून चिमट्याने उचललेला कोरा कागद द्रावणात बुडवून बघितला. कागद निर्दोष निघाला. मग माणसांवर आले. मावशींच्या टाचेच्या भेगांचं मलम बंद झालं.

"सर, मी काय पायाने बाटल्या धुते?" मावशी म्हणाल्या.

"पायाला लावता ते हातानेच ना?" अर्धा थेंब म्हणाले. मावशींनी नळ दणकन सोडला आणि राग मनात धरला.

नवीला त्यांनी पावडर लावून यायचं नाही म्हणून सांगितलं. "लावतच नाही, सर," ती म्हणाली. त्यांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि "ठीक आहे" म्हणाले. पण ते 'ठीक आहे' काही ठीक नव्हतं.

एकदा तिने धीर करून एक गोष्ट सांगितली. "सर, ब्लँक रांगेत पहिला ठेवला की जास्त येतं. शेवटी ठेवला की कमी."

"मशीन तापायला वेळ लागतो," ते म्हणाले. "आधी तापवून मग पाजा."

"तापवूनच पाजलं होतं."

"मग आणखी तापवा."

आता त्यांच्या घरची गोष्ट सांगायला हवी, कारण त्याच महिन्यात घरातही एकजण नवीन आली होती. मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी आली होती. बाळाला बोलवायचे ठमाबाई. ठमाबाई रात्रभर जागायची, आपल्या आईला जागवायची आणि उजाडलं की शहाण्यासारखी हसायची. तेव्हा मुलगी गाढ झोपलेली असायची. सकाळची धुणी-पुसणी आजीकडे. एक दिवस आजीचा हात पोळला. तिने बाळ सरळ आजोबांपुढे ठेवलं आणि वर मलमाची डबी ठेवली.

"पुसा, कोरडं करा आणि हे लावा."

"मी?"

"दुसरं कोण आहे? मातीतलं झिंक शोधता, एवढं जमणार नाही?"

खरं सांगायचं तर त्यांनी आयुष्यात तान्हं मूल हाताळलं नव्हतं. स्वतःची मुलगी लहान होती तेव्हा ते दोन पावलं लांब उभे राहायचे. "माझे हात प्रयोगशाळेचे," म्हणायचे, "तेजाबाचे. पोरीला नकोत." घरी आले की कोपरापर्यंत हात धुवायचे, तरी लांबच. ही काही सबब नव्हती, त्यांना खरंच भीती वाटायची. पण मूल मोठं व्हायला थांबत नाही आणि मोठं झाल्यावर उचलून घेता येत नाही.

ठमाबाईने त्यांना विचार करायला सवडच दिली नाही. पाय झाडले, चष्म्याकडे टक लावून बघितलं आणि त्यांचं करंगळीचं टोक पकडून ठेवलं. अर्धा थेंबांनी एका हाताने मलम लावलं. लालसर पुरळावर पातळ, सारखा थर दिला. कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. आजी बघत राहिली. "भिंत रंगवल्यासारखं लावताय," ती म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा बाळ त्यांच्याचपुढे ठेवलं. हात बरा झाला तरी ठेवत राहिली. पुरळ जातं तोवर, म्हणून सुरू झालेलं काम पुरळ गेलं तरी सुटलं नाही. नळाखाली हात खळबळायचे, टोपी घालायची आणि निघायचं. रस्त्याने जाताना ते गुणगुणत, हे त्यांना स्वतःला माहीत नव्हतं.

"हिला सांगू नकोस," त्यांनी बायकोला बजावलं होतं, "उगाच उठून बघायला येईल, बरोबर लावतोय का म्हणून." मुलीला वाटायचं, सकाळचं सगळं आईच करते.

तर इकडे ब्लँकमध्ये झिंक चालूच. असे सहा महिने होत आले आणि मग तो गुरुवार आला. अर्धा थेंब एका बैठकीसाठी दिवसभर बाहेर होते. कागदसुद्धा नवीनेच दुमडले. शुक्रवारी त्यांनी गुरुवारचे आकडे पाहिले. नवीने रांगेत एकाऐवजी तीन ब्लँक ठेवले होते. पहिला शून्य, मधला शून्य, शेवटचा शून्य.

त्यांनी चष्मा पुसून आकडे पुन्हा वाचले. त्यांच्यासमोर एकदाही न आलेलं शून्य ते नसताना तीनदा आलं होतं. त्यांच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही तेच म्हणाला असतात, पण त्यांनी म्हणायला नको होतं.

"हे खरं आहे?"

नवी गळणीवर वाकली होती. ती सरळ झाली. "म्हणजे?"

"मी असताना येत नाही. नसताना आलं."

मावशींनी धुण्याचा नळ बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. "सर, त्या दिवशी शून्यच आलं होतं," नवी म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "मी दोनदा पाजलं. मलाही आश्चर्य वाटलं. मी आकडा बनवत नाही, सर." एवढं बोलून ती पुन्हा गळणीकडे वळली. पण गळणी आता तिला दिसत नव्हती, हे पाठीवरूनसुद्धा कळत होतं.

आज पुन्हा अर्धा थेंबांनी दुमडलेले कागद होते, आणि आज पुन्हा झिंक आलं. त्यांनी एकाला एक जोडलं आणि उत्तर काढलं. संध्याकाळी नेमणुका ज्यांच्या हातात होत्या त्या मोठ्या साहेबांच्या खोलीत जाऊन ते म्हणाले, "हात स्वच्छ नाही तिचा. आणि आकड्यावर मला भरवसा वाटत नाही."

"मग नको म्हणायचं का? करार संपत आलाय," मोठे साहेब म्हणाले.

"सोमवारी सांगतो. शनिवारी एकदा आणखी बघतो."

शनिवारीही झिंक आलं. नवी जाताना "येते, सर" म्हणाली नाही. मावशी तिच्याबरोबरच बाहेर पडल्या आणि फाटकापर्यंत काहीतरी समजावत गेल्या. अर्धा थेंबांनी खिडकीतून पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं नाही. पण आकडा म्हणजे आकडा, असं म्हणून त्यांनी टोपी घातली.

रविवारी सकाळी डबी संपली. तळ खरवडून ठमाबाईचं काम भागलं. "कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून भरून आणा," बायको म्हणाली, "तो स्वतः घोटून देतो. डबी घेऊन जा म्हणजे बरोबर तेच देईल."

औषधवाल्याने डबी उघडून वास घेतला. "बाळाचं ना? तासाभराने या, साहेब. झिंक ऑक्साइड संपलंय, माल येतोच आहे."

अर्धा थेंबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय संपलंय?"

"झिंक ऑक्साइड."

"त्याचा इथं काय संबंध?"

"अहो, मलम म्हणजे तेच तर. बाकी नुसतं तुपकट. पुरळ कोरडं पडतं ते झिंकनेच."

अर्धा थेंबांनी काउंटरवर हात टेकवला. मग टेकवलेला हात उचलून घेतला. "धुतलं की जातं का?"

औषधवाला हसला. "गेलं तर उपयोग काय? बाळ दिवसभर भिजणारच. पाण्याने निघू नये म्हणूनच केलेलं असतं ते. तुमच्या बोटालासुद्धा दुपारपर्यंत असेल बघा."

दुकानाबाहेर एक बाकडं होतं. ते त्यावर बसले आणि त्यांनी उजव्या हाताचा अंगठा डोळ्यांजवळ नेला. नखाच्या कडेला पांढरी रेघ होती. याच नखाने ते तीस वर्षं कागदाची घडी दाबत आले होते. पहिल्या कागदावर मलम जास्त उतरणार, दुसऱ्यावर त्याहून कमी, शेवटच्यापर्यंत बोट पुसत जाणार. म्हणजे नवी म्हणत होती ते अगदी तसंच. डब्यातला कागद चिमट्याने उचलून तपासला, तो निर्दोष निघाला. बरोबरच, त्याला यांचा हात कुठे लागला होता? आणि गुरुवारी हे नव्हते म्हणून शून्य. सगळ्या जगाला तपासलं, मावशींच्या टाचा तपासल्या, शेजाऱ्याचे पत्रे तपासले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशातली गत झाली होती त्यांची. फक्त ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, कारण चोर सोडून संन्याशाला सुळावर द्यायची त्यांनी शुक्रवारी सगळी तयारी करून ठेवली होती.

त्यांना लाज वाटली. इतकी, की उठवेना.

आणि बसल्या बसल्या एक सोपी वाटही दिसली. उद्यापासून हातमोजे घालायचे. ब्लँक आपोआप शून्य होईल. मोठ्या साहेबांना म्हणायचं, सुधारली हो पोरगी, ठेवा. कुणाला काही कळणार नाही आणि तीस वर्षांच्या नावाला धक्काही लागणार नाही. वाट खरोखर सोपी होती. पण 'सुधारली' म्हणजे आधी बिघडलेली होती, आणि गुरुवारचं शून्य खोटंच राहणार होतं. पुरा थेंब सोडून 'अर्धा होता' म्हणण्यातला तो प्रकार. ते उठले, डबी दुकानात ठेवून घरी गेले.

घरी मुलगी चहा पीत होती आणि ठमाबाई सतरंजीवर पडून पंख्याशी बोलत होती. त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बायको आधी हसली, हसता हसता डोळे पुसले, आणि नवीचं ऐकल्यावर हसायची थांबली. "पोरीचं काय हो आता?" म्हणाली. मुलगी मात्र हसलीच नाही.

"म्हणजे रोज सकाळी तुम्ही लावता हिला?"

"हो. तू झोपलेली असतेस."

तिने कप खाली ठेवला. "मी लहान असताना तुम्ही म्हणायचात ना, माझे हात प्रयोगशाळेचे. मला काय वाटायचं माहितीये, बाबा? मला वाटायचं, मला हात लावला की तुमचा हात खराब होतो. मग तुम्हाला काम करता येत नाही. म्हणून लावत नाही तुम्ही."

असं एखादं मूल समजू शकतं, हे अर्धा थेंबांच्या गावीही नव्हतं. "उलटं होतं गं," ते म्हणाले. "मी तुला जपत होतो."

"कळतं आता. तेव्हा कळत नव्हतं." मग तिचा आवाज जरा हलका झाला. "आणि शेवटी झालं तेच की. हिला हात लावला आणि तुमचा हात खराब झाला."

"होऊ दे," अर्धा थेंब म्हणाले आणि सतरंजीवर बसले. गुडघ्यांनी कुरकुर केली. "उद्यापासून मी लावू का मलम?" मुलीने विचारलं, आणि ते इतक्या झटकन "नको" म्हणाले की आजीला पुन्हा हसू आलं.

सोमवारी सकाळी त्यांनी ठमाबाईला भरून आणलेल्या डबीतलं मलम लावलं, नेहमीसारखेच हात नळाखाली खळबळले आणि प्रयोगशाळेत गेले. टोपी खुंटीला लावली, पण खिडकीजवळच्या टेबलाशी बसले नाहीत. मोठ्या साहेबांना बोलावणं पाठवलं. मोठे साहेब घाईतच आले. ते झोपेतही घाईत असावेत. नवी शेकरजवळ उभी होती. आपलं काय होणार हे तिला ठाऊक होतं असं तिच्या उभं राहण्यावरून दिसत होतं. टेबलावरचा स्वतःचा कप तिने आधीच धुऊन पिशवीत ठेवला होता.

"एक नमुना तपासायचा राहिलाय," अर्धा थेंब म्हणाले. त्यांनी काचेच्या भांड्यात ताजं द्रावण घेतलं, उजव्या हाताची बोटं त्यात बुडवली आणि थोडा वेळ तशीच धरून ठेवली. मावशी नळ सोडून जवळ आल्या. मोठ्या साहेबांनी घड्याळाकडे बघायचं थांबवलं.

"हे बाटलीत घ्या," ते नवीला म्हणाले, "आणि पाजा मशीनला. आधी ब्लँक, मग हा. ब्लँक म्हणजे हेच ताजं द्रावण, आज हलवायचं नाही. त्याचा कागद डब्यातून तुम्हीच घ्या, तुम्हीच दुमडा."

तिने बाटली घेतली, चिकटपट्टी लावली आणि पेन काढलं. नाव लिहिल्याशिवाय बाटली रांगेत ठेवायची नाही हा अर्धा थेंबांचाच नियम होता. "नमुन्याचं नाव काय लिहू, सर?"

त्यांनी बोटं फडक्याला पुसली.

"आजोबा लिहा."

मावशींच्या तोंडून "अगंबाई" निघून गेलं. नवीने वर पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. तिने स्वच्छ अक्षरात 'आजोबा' लिहिलं.

मशीन तापलेलं होतं. ब्लँक पाजला: शून्य. मग ती दुसरी बाटली लावली. निळी ज्योत तशीच जळत राहिली आणि आकडा चढत चढत मशीनला मोजता येईल त्याच्या पलीकडे गेला. कुठल्याही शेतातून एवढं झिंक त्या टेबलावर कधी आलं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. नातीचं मलम, नखातली रेघ, कागदाच्या घड्या, सगळं. कुठे मवाळ केलं नाही. "साहेब, शुक्रवारी मी तुम्हाला म्हटलं, हिचा हात स्वच्छ नाही. हात माझा होता. आकड्यावर भरवसा नाही म्हटलं, तर गेल्या सहा महिन्यांत या प्रयोगशाळेत खरा आकडा एकाच दिवशी आला, गुरुवारी, आणि तो हिने काढला. हिला ठेवायचं. माझं मत विचाराल तर एवढंच." मग ते नवीकडे वळले. तिच्याशी असं बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे शब्द जरा अडखळत आले. "तुमचं शून्य खरं होतं. मी खोटं ठरवलं. मला माफ करा, पोरी."

नवीने मान हलवली. मावशींनी तिच्या खांद्यावर ओला हात ठेवला आणि सरांकडे बघून म्हणाल्या, "मग माझं टाचेचं मलम चालू करू का आता?" मोठे साहेब मोठ्याने हसले आणि हसतच, घाईघाईने, गेले. जाताना दारातून म्हणाले, "कायम करतो हो तिला. आजच."

बोळकांडीतल्या पिशव्या संपवायच्या होत्या. सगळ्या पहिल्यापासून. नवीने पिशवीतून कप काढून पुन्हा टेबलावर ठेवला आणि कागदांचा डबा नेहमीप्रमाणे खिडकीजवळ नेऊन त्यांच्या खुर्चीपुढे ठेवला.

"घड्या तुम्ही घाला," अर्धा थेंब म्हणाले.

"हातमोजे आहेत ना, सर. तुमच्यासारख्या घड्या मला यायच्या नाहीत."

"एक दिवस विसरेन मी मोजे. आणि सकाळचं ते काम तर मी सोडणार नाही." हे त्यांनी शांतपणे सांगितलं आणि खुर्ची मागे ओढली. "बसा. ही खुर्ची घ्या."

ती त्यांच्या खुर्चीत बसली. ते बाजूला उभे राहिले. हातांना दुसरं काम नव्हतं, म्हणून त्यांनी ते खिशात घातले. तिने पहिला कागद उचलला, एक घडी घातली, तिच्यावर दुसरी घातली, कडेवरून नख फिरवलं आणि शंकू उघडून ठेवला. घडी जराशी तिरकी आली होती. तिच्याही ते लक्षात आलं आणि तिने घाबरून वर पाहिलं.

अर्धा थेंब खिडकीबाहेर बघत होते. आणि गुणगुणत होते.